अर्धं लिहिणारे साहेब

आमच्या साहेबांकडे चार दिवसांची रजा मागितली की दोन दिवसांची मिळायची. दोन मागितली तर एक. आणि एकाच दिवसाची मागितली तर चष्मा कपाळावर सरकवून ते विचारायचे, "अर्ध्या दिवसात नाई का होत?"

मी अमरावतीच्या वीज कार्यालयात नवी नवी लागले तेव्हा मला हे कोणी सांगितलं नव्हतं. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी मला अकोल्याला घरी जायचं होतं. मी भाबडेपणाने दोन दिवस मागितले. एक मिळाला. त्या एका दिवसात अकोल्याला गेले, मिरवणुकीत नाचले आणि परतीच्या बसमध्ये उभ्याने झोपा काढत आले. पुढच्या वर्षी मी चार दिवस मागितले. साहेबांनी चारावर काट मारली, दोन लिहिलं आणि माझ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसले. त्या दिवशी मी त्या कार्यालयात खऱ्या अर्थाने रुजू झाले.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण अख्ख्या कार्यालयात ते कोणी वापरत नसे. सगळे त्यांना 'अर्धेसाहेब' म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. मूळचे ते बार्शीटाकळीकडचे. चण लहान, आवाज मोठा, आणि कानावर कायम अर्धी पेन्सिल. नवी पेन्सिल हातात आली की ते आधी तिचे दोन तुकडे करत. एक कानावर, एक खणात. चहा अर्धा कप. कोणी बोलायला लागलं की अर्ध्या वाक्यात, "बास, समजलं." मला याचा फार राग यायचा. माझी वाक्यं लांब असतात आणि मुद्दा शेवटी येतो. मी एकदा चिडून म्हणाले, "सर, माझं पूर्ण तरी ऐका." ते म्हणाले, "मुद्दा पह्यले सांगत जाय, माय. मंग पूर्न ऐकतो."

'माय' ते खुशीत असले की म्हणायचे. रागात असले की 'मॅडम'.

आमच्या कक्षाचं काम असं होतं की अमरावती आणि अकोल्याकडच्या गावांना, शहरांना पुढच्या वर्षांत किती वीज लागेल याचा अंदाज बांधायचा आणि वर पाठवायचा. गावोगावचे लोक आपली मागणी सांगत, ती खालच्या कार्यालयांतून आमच्याकडे येई, आणि साहेब त्या प्रत्येक आकड्यावर काट मारून शेजारी निम्मा आकडा लिहीत. अर्धी पेन्सिल, अर्धा आकडा. तीस वर्षं ते हेच करत होते. मी एकदा विचारलं, "सर, सगळेच खोटं बोलतात असं कसं?"

"खोटं नाई बोलत," ते म्हणाले. "मागतानी मानूस भेलेला असते. भेलेला मानूस जास्त मागते. मी त्याचं भेव तेवढं कमी करतो."

हे मला त्या वेळी फार शहाणपणाचं वाटलं होतं. मी डायरीत लिहूनही ठेवलं.

एकाच बाबतीत साहेब पूर्ण होते. त्यांना अणुवीज हवी होती. नोकरीची पहिली वर्षं त्यांनी कोळशावर चालणाऱ्या एका वीज केंद्राच्या वसाहतीत काढली होती. लग्न होऊन त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, तिथे आल्या, पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या आणि संध्याकाळी त्या राखाडी झाल्या. काकूंनी दुसऱ्या दिवशी परत गहू भिजवला. त्याही कुरडया राखाडी. नव्या नवरीच्या हातच्या कुरडया सासरी न्यायच्या होत्या. काकू रडल्या. साहेबांनी त्या दिवशी गच्चीवर उभं राहून शपथ घेतली की आपल्या भागात राखेशिवाय वीज आणीन. माणसं यापेक्षा बऱ्याच लहान कारणांसाठी शपथा घेतात, त्यामुळे मी कधी हसले नाही. निदान त्यांच्यासमोर तरी नाही.

पुढे त्यांनी अणुविजेबद्दल मिळेल ते वाचलं. त्यात ते अर्ध्यावर थांबत नसत. जेवणाच्या सुट्टीत डब्याच्या झाकणावर भाकरीचे तुकडे मांडून ते मला अणू कसा फुटतो ते दाखवत. "हा एक फुटला, यातून हे दोन निघाले, ते यायले जाऊन भिडले." शेवटी सगळी भाकरी फुटलेली असे आणि ती आम्ही दोघं पिठल्यासोबत खाऊन टाकत. घरी काकू म्हणायच्या, "अनू आना नाई तं कायबी आना, माह्या कुरडया पांढऱ्या रायल्या पायजेत."

आणि साहेबांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं असताना ते पत्र आलं. देशात नव्या अणुवीज केंद्रांची आखणी सुरू होती. कुठे केंद्र घ्यायचं हे ठरवण्याआधी प्रत्येक भागाने पुढची मागणी कळवायची होती. ज्या भागाची मागणी भक्कम, त्याचा विचार आधी. आमचा आकडा तपासायला मे महिन्यात मुंबईहून समिती येणार होती.

साहेबांनी ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग परत वाचलं. मग मला म्हणाले, "माय, आज पूर्न चहा सांग."

सगळ्या गावांना तक्ते गेले. शेतात पंप किती, घरात कूलर किती, पुढे काय काय घेणार. तक्ते भरून आले. साहेब कानावरची पेन्सिल काढून बसले. पहिला तक्ता पाहिला, दुसरा पाहिला, आणि पेन्सिल परत कानावर ठेवली. एकाही आकड्यावर काट नाही! सगळे आकडे जसे आले तसे त्यांनी उचलले. मी बेरीज केली. आकडा असा भरघोस आला की साहेब खुर्चीवरून उठून खिडकीपर्यंत गेले आणि परत आले.

"पाह्यलं?" ते म्हणाले. "आपल्या वऱ्हाडाले केवढी वीज पायजे!"

मला तो आकडा आवडला होता, हेही कबूल करते. पण माझा स्वभाव खुसपट काढायचा. मी एकेक गाव बघत गेले आणि बार्शीटाकळी तालुक्यातल्या एका गावावर थांबले. त्या गावात विहिरी चाळीस आणि पंप शंभर. मी साहेबांना दाखवलं. या वेळी मुद्दा पहिल्यांदा सांगितला.

"एका विहिरीवर दोन-दोन, तीन-तीन पंप बसवत असतीन," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज लहान झाला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही जीप काढून त्या गावी गेलो.

गावच्या सरपंच एक बाई होत्या. साठीच्या, खणखणीत. त्यांनी आम्हाला ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसवलं आणि साहेबांपुढे न विचारता अर्धा कप चहा ठेवला. मला भरून दिला. साहेबांनी पंपांचं विचारलं.

"पंप तं चाळीसच हायेत साहेब," बाई म्हणाल्या. "दहा नवे घेन हाय. पन्नास."

"मंग शंभर कावून लिहिले?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "असं कावून इचारता? तुमी अर्ध लिहिता ना! आमच्या गावात लहान लेकरालेबी ठाऊक हाय. आमाले पन्नास पायजे म्हनून शंभर लिहिले. तुमच्यासाठीच तं लिहिले!"

मला हसू आवरेना. बाईही हसल्या. साहेबही हसले, मग हळूहळू त्यांचं हसू ओसरलं. त्यांनी तो अर्धा चहा तसाच खाली ठेवला.

परतीच्या वाटेवर ते रस्त्याकडेची एकेक विहीर निरखत बसले होते. अमरावती जवळ आली तेव्हा म्हणाले, "तीस वर्सं मले वाटत होतं का मी लोकायचं भेव कमी करून राहिलो. भेव तं मीच लावलं." मग थोड्या वेळाने, "आन यावेळी काट मारली नाई. कावून, तं मलेच पायजे होतं. अनूच्या कागदावर माहा हातच चालला नाई." पहिल्यांदाच मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आणि ते वाटणं मला मुळीच आवडलं नाही.

आता खरी पंचाईत होती. फुगलेला आकडा आमच्या हातात होता आणि समिती दीड महिन्यावर आली होती. साहेबांनी सगळ्या गावांना पुन्हा कळवलं, 'यावेळी एकही आकडा कापला जाणार नाही, तरी खरी मागणी कळवावी.' याचा परिणाम काय झाला? कोणाचाच विश्वास बसला नाही. अर्धेसाहेब कापणार नाही म्हणतात म्हणजे नक्कीच चौथाई करणार, असं लोकांनी ठरवलं. त्या चाळीस विहिरींच्या गावाने या वेळी दोनशे पंप लिहून पाठवले.

मी साहेबांना म्हणाले, "सर, आपण पहिलाच आकडा पाठवू. मुंबईची समितीसुद्धा निम्मं करते, हे सगळ्यांना माहीत आहे. ते निम्मं करतील, आकडा आपोआप खरा होईल. आपण खरा दिला तर ते त्याचाही निम्मा करतील, आणि मग आपल्या भागाचं नाव यादीत राहणारच नाही. तुमचं सगळं आयुष्य..."

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मला वाटतं, हे पहिल्यांदाच घडलं.

"मॅडम," ते म्हणाले, "मंग माह्यात आन त्या बाईत फरक काय? तिले मी भेव लावलं म्हनून तिनं लिहिलं. मले कोन भेव लावून राह्यलं?"

मला राग आला होता, कारण ते बरोबर होते.

मग आम्ही मोजायला निघालो. सगळंच मोजणं शक्य नव्हतं, म्हणून काही गावं, काही मोहल्ले, काही इमारती निवडल्या. मार्च संपून एप्रिल लागला होता. अकोल्याचं एप्रिलचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळत नाही. साहेब डोक्याला दुपट्टा बांधून खिशात कांदा ठेवून पुढे, मी छत्री घेऊन मागे. शेतात विहिरी मोजणं सोपं होतं. विहीर लपवता येत नाही. घरांतले कूलर मोजायला लागलो तेव्हा मात्र मोहल्ल्यात बातमी पसरली की वीजचोरी पकडणारे आलेत. आम्ही गल्लीत शिरलो की खिडकीतल्या कूलरवर चादरी पडायच्या. एका घरात तर कूलरवर शाल पांघरून त्यावर देवाचा फोटो ठेवला होता. साहेबांनी फोटोला हात जोडले आणि कूलर लिहून घेतला.

मग त्यांना युक्ती सुचली. "कूलरकडे पाहूच नको," ते म्हणाले. "खाली पाय. ओल पाय." कूलर चालतो तिथे पाणी ठिबकतंच. खिडकीखाली ओलं दिसलं की एक कूलर. कुठे कुठे त्या ठिबकणाऱ्या पाण्यावर लोकांनी पुदिना लावला होता. तीन आठवडे मी खाली मान घालून अकोला-अमरावतीच्या गल्ल्या पालथ्या घातल्या. कोणत्या मोहल्ल्यात पुदिना चांगला येतो ते मला आजही विचारा.

या हिंडण्यात एका गावात काही शेतकऱ्यांनी साहेबांना अडवून विचारलं, "अनूचं केंद्र येते म्हनता, मंग पानी कुठून घेसान? आमचं?" साहेबांनी ओट्यावर बसून त्यांचं सगळं ऐकलं, मध्ये 'बास, समजलं' न म्हणता, आणि आमच्या अहवालात एक पान वाढवलं. त्या पानावर लोकांच्या शंका जशा सांगितल्या तशा होत्या. मी म्हणाले, "सर, हे पान आपल्याच विरोधात जाईल." ते म्हणाले, "जाऊ दे. अर्ध सांगून केंद्र आनाचं नाई मले."

खरा आकडा निघाला. पहिल्या बेरजेच्या जेमतेम निम्मा. तरीही तो बरा होता, केंद्राचा विचार व्हावा इतका. पण त्याच्यातून आणखी निम्मा गेला तर काहीच उरत नव्हतं, हे आम्हा दोघांनाही स्पष्ट दिसत होतं.

समिती आली ती मेच्या भर उन्हात, आमच्याच कार्यालयात. अध्यक्ष उंच, गोरे, घामाने हैराण झालेले गृहस्थ होते. त्यांनी अहवाल उघडला, शेवटच्या पानावरचा आकडा पाहिला आणि खिशातून लाल पेन काढलं. टोपण उघडलं.

साहेब उभे राहिले. "साहेब, एक इनंती हाय. याच्यावर काट मारू नका."

अध्यक्षांनी वर पाहिलं. "का?"

आणि साहेबांनी सगळं सांगितलं. रजा, पेन्सिल, चाळीस विहिरी, शंभर पंप, बाईचा अर्धा कप. काहीही लपवलं नाही. समितीतले दोघे हसायला लागले. अध्यक्ष हसले नाहीत. "म्हणजे तीस वर्षं तुम्ही स्वतः न मोजता लोकांचे आकडे कापत होता."

"हो जी."

"मग आज तुमच्या आकड्यावर मी विश्वास का ठेवायचा?"

"ठेवू नका," साहेब म्हणाले. "मोजून घ्या. जीप बाहेर उभी हाय. आन उन्नात नसन जायाचं तं हेच कार्यालय मोजा. आमी निवडलेल्या इमारतीत हेबी हाय. पान काढा. अकरा कूलर लिहिले हायेत."

अध्यक्षांनी पान काढलं आणि शिपायाला मोजायला पाठवलं. आम्ही बसून राहिलो. शिपाई परत आला आणि दारातूनच म्हणाला, "बारा."

मी साहेबांकडे बघायचं टाळलं. संपलं, असंच मला वाटलं. अध्यक्षांनी लाल पेन परत उचललं.

साहेब मात्र अध्यक्षांच्या पाठीशी घरघरणाऱ्या कूलरकडे बोट दाखवून म्हणाले, "हा बारावा. काल सांजी माह्या घरून आनला, तुमाले घाम येईन म्हनून. तुमी गेले का परत जाते. बायको वाट पाहून राहिली."

आधी अध्यक्ष त्या कूलरकडे बघत राहिले. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले, आणि ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. लाल पेनाचं टोपण त्यांनी बंद केलं. जाताना ते म्हणाले की आकड्याचं काय ते नंतर कळेल. पेन मात्र खिशातच गेलं होतं. संध्याकाळी आम्ही तो कूलर जीपमध्ये घालून काकूंकडे पोचवला.

साहेब निवृत्त झाले आणि अकोल्याला घर होतं तिथे राहायला गेले. निरोपाच्या दिवशी त्यांचं भाषण फार लांबलं, आणि कोणीतरी मागून ओरडलं, "बास, समजलं!" सगळ्यात जास्त ते स्वतः हसले.

वरून पत्र आलं ते त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी. मी ते वाचलं, त्याची एक प्रत काढली आणि त्याच दिवशी अकोल्याची बस धरली. साहेब गच्चीवर होते. काकू कुरडया घालत होत्या आणि साहेब लांब काठी घेऊन चिमण्या हाकत होते. तिथल्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होत्या, पण साहेबांची नजर तरीही अधूनमधून आभाळाकडे जायची.

मी मुद्दा आधी सांगितला. "सर, आपला आकडा आहे तसा घेतला. एकही काट नाही. आपल्या भागाचा विचार होणार आहे."

त्यांनी पत्र घेतलं. पूर्ण वाचलं. मग काठी माझ्या हातात देऊन ते कठड्यापाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. काकू म्हणाल्या, "आता रडून राह्यले काय?" ते म्हणाले, "नाई, ऊन लागते." काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कुरडया घालायला घेतल्या.

थोड्या वेळाने ते वळले. "कधी होईन मंग?"

मला खोटं सांगायचं नव्हतं. त्यांनीच मला ते शिकवलं होतं. "सर, आता नुसता विचार आहे. जागा बघायची, पाण्याचं बघायचं, त्या लोकांच्या शंका आहेत, मग मंजुऱ्या, मग बांधकाम. कदाचित होणारही नाही. झालंच तर वीस वर्षं तरी धरा."

साहेब तेव्हा एकसष्टीत होते. त्यांनी एकदा काकूंकडे पाहिलं, त्यांच्या पिठाने भरलेल्या हातांकडे पाहिलं. मग कानावरची अर्धी पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि पत्राच्या प्रतीवरच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"म्हंजे दहा," ते म्हणाले. "लिही, माय."

आमच्या कामात दिलेली मुदत दुप्पट होते, निम्मी कधीच होत नाही, हे मला ठाऊक होतं. त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी दहा लिहिलं.